पहिला घास मालकाचा

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट हळू आवाजात केली नाही. ते शिंकले की शेजारच्या राइस मिलवरची कबुतरं उडत. ते फोनवर बोलू लागले की मधे फोन कशाला, असं वाटे. आणि उपास धरला तर तोही गर्जना करून धरत. मी त्यांच्या अगदी उलट. बल्लारपूरला कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लगद्याचे आणि पाण्याचे नमुने तपासण्यात माझी हयात गेली, आणि नात्यागोत्यात माझी ख्याती एकच, की हा माणूस कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही, उलट त्याच्यावरच जगलो. साडूंविषयी लिहायला बसलोय ते खरं तर एवढ्यासाठी, की त्यांच्या गोष्टीत माझं एक वाक्य आहे, आणि ते मी न जाणता ठोकून दिलं हे घरात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ते येईल ओघात. आधी साडू.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पावडरवाले होण्यापूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत राजे होते. कधी जमीनदार, कधी डाकू, पण मुख्यतः राजे. दिवाळी ते होळी गावोगाव खेळ. संवाद ते विसरत, नायिकेचं नावही विसरत. पण लोक संवादासाठी येतच नव्हते, चाल बघायला येत. विंगेतून मंचाच्या मध्यावर यायला इतर नटांना आठ पावलं लागत, साडू चारांत येत, आणि चारही पावलांना फळ्या बोलत. ही चाल त्यांनी मंचावर ठेवून घरी यावं, तर तेही नाही. मूल गावच्या बाजारात वांगी घ्यायला निघाले तरी दरबारात निघाल्यासारखे निघत. भाजीवाल्या बाया टोपली ओढून घेत म्हणायच्या, "राजे आले, सरका व!" साडूंना यात थट्टा दिसत नसे. ते मान लववून पुढे जात.

एका हंगामात राजेसाहेबांचा आवाज बसला आणि अंगातलं बळच गेलं. तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आम्हा दोघांच्याही सासूबाईंनी, सावलीजवळच्या आपल्या गावाहून एक डबा पाठवला. भाजलेली लाखोळी, जवस, तीळ आणि वाळवलेल्या मोहफुलांची भुकटी. दुधात दोन चमचे घ्यायचे. आठवड्याभरात साडू पुन्हा गरजू लागले. मग डाकूनं डबा मागितला, नायिकेनं मागितला, तबलजीनं तर चोरलाच. कंपनीचा जन्म हा असा, एका चोरीतून झाला.

लाखोळीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे. धान कापायच्या आधी शेताच्या ओल्या बांधीत ती फेकून द्यायची. मागे वळून बघायचं नाही, येते आपली आपण. गरिबाची डाळ, अंगी ताकद मोठी. पण तिची एक खोड आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. महिनोन्महिने नुसतं तिच्यावरच जगलं की माणसाचे पाय जातात, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. एके काळी तिच्या विक्रीवर बंदीसुद्धा होती. सासूबाईंचा त्यावर एक रिवाज होता. लाखोळीवर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, ते पाणी फेकायचं. असं तीनदा. मग उन्हात वाळवायची आणि मगच भाजायची. त्या म्हणत, "तिच्यात एक लंगडी बाई बसून राह्यते जवाईबापू. तिले गरम पानी सोसत नाई. तिसऱ्या पान्यासंगं निंगून जाते." आणि तिसरं पाणी फेकताना दरवेळी म्हणायच्या, "जा माय, पन कोनाच्या घरी नोको जाऊ." मी गालात हसायचो. विज्ञान शिकलेला माणूस गालात हसतो.

पहिल्या वर्षी घरचा मिक्सर जळाला, दुसऱ्या वर्षी नवा घेतलेला जळाला, तिसऱ्या वर्षी साडूंनी नाटकातली तलवार भिंतीला टांगली आणि मूलला एका राइस मिलच्या मागे शेड घेऊन चक्की बसवली. सहा बायका कामाला आल्या. कंपनीचं नाव ठरलं 'वाघदम', आणि डब्यावर वाघ. मी म्हटलं, वाघ कुठे पावडर खातो? साडू म्हणाले, "खाल्ली असती त मानसावर कायले आला असता?"  मोहफुलं ते धानोऱ्याकडच्या जंगलगावांतून स्वतः आणत. तिथे त्यांनी पाहिलं, की नवं फूल, नवं फळ देवापुढे ठेवून गावानं मिळून चाखल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. हे त्यांना इतकं पटलं की परत येऊन त्यांनी शेडमध्ये नियम केला: नव्या घाण्यातला पहिला घास मालकाचा. चक्कीतून माल उतरला की साडू चपला काढत, पूर्वेला तोंड करत, सहा बायकांसमोर एक चमचा कोरडाच तोंडात टाकत. पावडर टाळूला चिकटे, डोळ्यांत पाणी येई, पाच मिनिटं बोलता येत नसे. बायका ती पाच मिनिटं दिवसभर पुरवत. मग डबे भरले जात.

आणि ते खपू लागले, हे मला कबूल केलं पाहिजे. साडू बाजारात उभे राहून जाहिरातीचं भाषण थेट नाटकातल्या मराठीत करत: "हे प्रजाजनहो! ज्या भूमीत वाघ डरकाळी फोडतो, त्या भूमीचा पुत्र दोन जिने चढून धापा टाकतो? धिक्कार असो!" त्यांचं सगळ्यांत भक्त गिऱ्हाईक म्हणजे भरतीची पोरं. गडचिरोलीच्या रस्त्यानं पहाटे बघा, पोलीस भरतीसाठी पोरांचे थवेच्या थवे धावत असतात. त्या पोरांनी 'वाघदम' उचललं. मग चंद्रपूरच्या दोन व्यायामशाळांनी मागितलं. मग नागपूरचा एक व्यापारी गाडी घेऊन शेडवर आला आणि इतके डबे मागून बसला की साडू खुर्चीत मावेनात.

ते ऐन पावसाळ्याचे दिवस. तीन पाणी दिलेली लाखोळी वाळेना. पत्र्याखाली पसरली तर बुरसे, पंख्याखाली पसरली तर आंबे. दोन घाणे फेकावे लागले. माझी मेव्हणी डोक्याला हात लावून बसली होती. व्यापारी घड्याळ बघत होता. आणि त्या रविवारी मी तिथे होतो. साडू माझ्याकडे वळले. सहा बायका, मेव्हणी, व्यापारी, सगळे वळले. "साडभाऊ, तुमी केमिस्ट मानूस. हे पान्याचं झंझट खरंच लागते का? का आईचं आपलं उगाच?"

मी कागदाचा लगदा तपासणारा माणूस. लाखोळीतल्या विषाबद्दल मला त्या सहा बायकांपेक्षा कमी माहीत होतं. 'मला ठाऊक नाही' एवढे तीनच शब्द होते. पण अठरा डोळे माझ्याकडे लागलेले, आणि माझी आयुष्यभराची ती ख्याती. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणालो, "भाजल्यानं सगळं जातं. पाणी बंद केलं तरी चालेल."

हेच ते वाक्य.

पाणी बंद झालं. लाखोळी थेट भट्टीत जाऊ लागली. डबे वेळेवर नागपूरला गेले, साडूंनी मला मिठी मारली आणि माझ्या बायकोला सांगितलं, "तुहा नवरा म्हंजे हिरा आहे, फक्त आवाज नाई त्याले." घरी येऊन मी पुस्तकं काढली. त्यांत होतं, की भाजल्यानं काही जातं, सगळं जात नाही. मी पुस्तक मिटलं. दोन चमच्यांनी कुणाचं काय वाकडं होणार, असा हिशेब मांडला. तो हिशेब बरोबर होता, हे आजही सांगतो. पण तो हिशेब शहाण्या माणसांसाठी होता आणि मी साडूंना विसरलो होतो.

महिन्याभरानं मूलच्या बाजारात रंगीत डब्यांतली परदेशी पावडर विकणारा एक नवा दुकानदार साडूंना भर गर्दीत म्हणाला, "राजे, तुमी सोता खाता का हे, का फक्त लोकायलेच चारता?" मी हातात दोडक्यांची पिशवी घेऊन शेजारी उभा होतो. साडूंनी उजवा पाय पुढे टाकला, हात वर नेला. "ऐक, हे पाखंडी! आजपासून चार महिने हा राजा या डब्याखेरीज अन्नाच्या कणाला शिवणार नाही!" लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. माझ्या हातून दोडके खाली पडले. साडूंनी तेवढ्यात वाकून एक उचलून दिला आणि कानात म्हणाले, "कसं वाटलं?"

त्यानंतर मी जे जगलो त्याला जगणं म्हणत नाहीत. साडू दिवसाला अर्धा किलो 'वाघदम' खाऊ लागले. सकाळी पाण्यात कालवून, दुपारी त्याचेच उंडे करून, संध्याकाळी त्याचीच पेज करून. मी दर रविवारी बल्लारपूरहून मूलला जाऊ लागलो, हातात डबा घेऊन. कधी झिंग्यांचा रस्सा, कधी वडाभात, कधी तूप सुटलेला शिरा. डब्याचं झाकण मी मुद्दाम त्यांच्या नाकाखाली उघडायचो. साडूंच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते दीर्घ श्वास घेत, डबा शेडमधल्या बायकांकडे सरकवत आणि म्हणत, "साडभाऊ, तुमी मले वचन मोडाले सांगून राह्यले? तुमी?" बायका बोटं चाटत. एकदा त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, "भाऊ, राजाचं व्रत चार महिने अजून वाढवा ना जी, आमाले मस्त जमून राह्यलं." माझी बायको तर चक्रावली. तीस वर्षांत बहिणीच्या घरी स्वतःहून न गेलेला माणूस दर आठवड्याला झिंगे सोलून घेऊन जातो. "एवढं प्रेम कधीपासून?" ती विचारायची. मी कमी बोलतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

मी त्यांचे पाय बघायला जात होतो. शेडमध्ये बसलो की म्हणायचो, तो कोपऱ्यातला डबा दाखवा बघू. साडू उठत, चार पावलांत कोपरा गाठत. पाय सरळ. मी श्वास सोडायचो. थोड्या वेळानं, आता तो दारातला. परतीच्या रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसली की मी त्यांचेही पाय बघायचो. एकदा एक पोरगा बूट बांधायला वाकला तर तो उठून पुन्हा धावू लागेपर्यंत मी तिथेच थांबलो. खरं सांगायचे प्रयत्न मी केले नाहीत असं नाही. मूल स्टेशनवर उतरताना वाक्य तयार असे. शेडच्या दारात साडू दोन्ही हात पसरून ओरडत, "आला आला, माझा केमिस्ट आला!" आणि ते वाक्य परत आत जाई.

तिसऱ्या महिन्यात सासूबाई लेकीकडे आल्या. आल्या तशा शेडमध्ये गेल्या, चक्कीखालच्या पिपातून चिमूटभर पावडर उचलली, जिभेवर ठेवली. थोडा वेळ तोंड हलत राहिलं. मग म्हणाल्या, "हिले पानी नाई लागलं."  साडू हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही मला मिळालेली दुसरी संधी. मी म्हणालो, "आई, भाजलं की सगळं जातं. आता नवीन पद्धत आहे." सासूबाईंनी हात पदराला पुसला. "असन बाप्पा," म्हणाल्या, "तुमी शिकलेले."  पण त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात भात वाढला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्याच रविवारी साडू मला घ्यायला स्टेशनवर आले आणि फलाटावर त्यांच्या उजव्या चपलेचं टोक घासलेलं मी ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. "नवी चप्पल हाये, चावते साली," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोटरसायकलची किक उलटी बसली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेडच्या उंबऱ्यावर ते अडखळले, आणि बायका हसल्या, "राजे, सकाळीच घेऊन आले का जी?" साडूही हसले. मी त्यांचा दंड धरला आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता चंद्रपूरला चला. माझा आवाज इतका चढलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ते मुकाट आले.

डॉक्टर शांत गृहस्थ होते. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, मग म्हणाले, जरा चालून दाखवा. साडूंनी दवाखान्यातही राजाचीच चाल चालून दाखवली. फक्त दुसरं पाऊल राजाचं नव्हतं. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं. साडूंनी छाती काढून सांगितलं, तीन महिने फक्त स्वतःच्या कंपनीचा माल. त्यात काय काय? लाखोळी म्हटल्याबरोबर डॉक्टरांचं पेन थांबलं.

"पन शुद्ध केलेली आहे जी," साडू म्हणाले. "हे आमचे साडभाऊ, केमिस्ट. यायनंच पास केली. सांगा ना, साडभाऊ."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या विश्वासानं माझ्याकडे माझ्या आईनंही कधी पाहिलं नसेल.

"शुद्ध केलेली नाही," मी म्हणालो. "पाणी मी बंद करायला लावलं. मला ठाऊक नव्हतं, तरी सांगितलं."

डॉक्टर मग बरंच बोलले. खाणं आजच थांबवा, आणखी बिघडणार नाही, पण जेवढं गेलं तेवढं परत येईल असं मी म्हणणार नाही. दुधात दोन चमचे घेणाऱ्यांना भीती नाही. मी सगळं ऐकत होतो. साडू ऐकत होते की नाही, कोण जाणे.

चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून दुपारची पॅसेंजर पकडली. साडू खिडकीशी बसले आणि गप्प झाले. मी त्यांना गप्प कधी पाहिलेलं नव्हतं. झोपेतसुद्धा ते घोरत. केळझर आलं, दोन्ही बाजूंनी जंगल आलं, गेलं. समोरच्या बाईनं त्यांना ओळखून विचारलं, "राजे, यंदा नाटक कोनतं?" त्यांनी नुसती मान हलवली. मूल जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "साडभाऊ, आईले कायले खोटं पाडलं तुमी?"

पायाबद्दल एक शब्द नाही.  मग ते पुढे म्हणाले, "हे आपल्या दोघातच राहू द्या. केमिस्टच खोटा निंगाला म्हंजे त्या बायकायचा कोनावरच भरोसा राह्यनार नाई. मालक मी आहो. पहिला घास माझा, त मारबी पहिला माझाच." एवढं बोलून ते उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले, दांड्याला धरून.

त्यानंतर साडूंनी जे केलं त्यात थोडी गर्जना होतीच. लाऊडस्पीकर लावून मूल, सावली, चामोर्शी, गडचिरोली, प्रत्येक बाजारात जाऊन ते सांगत फिरले, "पावसाळ्यातला माल परत आना! चूक झाली, राजाची झाली, दुसऱ्या कोनाची नाई!" डॉक्टरांनी भीती नाही सांगितलं असूनही एकूण एक डबा गोळा करायचा त्यांचा हट्ट. भरतीच्या पोरांच्या मागे ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून ओरडत जात, पोरं आधी घाबरून आणखी जोरात पळत. नागपूरचा व्यापारी पुन्हा फिरकला नाही. घरी साडूंनी सांगितलं, की केमिस्टनं मागाहून पाणी सुरू करायला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही; मग सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला, की हे असंच, अघोरी व्रत, दुसऱ्याचं ऐकणार नाही. मेव्हणी माझ्याकडे हात करून त्यांना म्हणायची, "यायच्यावानी शांत डोक्याचं कधी होसान?" मी तिथे बसलेला असायचो. चहा प्यायचो.

कंपनी पुन्हा उभी राहिली ती शेडमधल्या त्या वयस्क बाईमुळे. ती एकदा सहज म्हणाली, "पावसात वाळत नाई त पावसात भिजवता कायले? एप्रिलात भिजवा, वर्षाची वाळवून ठिवा." आमच्याकडच्या ज्या उन्हाला आम्ही सगळे जन्मभर शिव्या देतो, ते आमच्या छपरावर फुकट पडलेलं होतं, आणि मला, केमिस्टला, ते दिसलं नव्हतं. आता वर्षाची लाखोळी उन्हाळ्यातच तीन पाणी घेते. डब्यावर वाघ आहे. व्यायामशाळा परत आल्या आहेत. साडू नाटकात जात नाहीत. तलवार भिंतीवर आहे.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मी अखेरच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसलो होतो, सांगायचंच म्हणून. त्यांनी माझा हात थोपटला आणि माझ्या आधी त्याच बोलल्या, "जवाईबापू, तुमी कमी बोलता तेच बरं हाये." डोळ्यांत हसू होतं की काय, मला कळलं नाही. मी परत गप्प बसलो.

या एप्रिलात साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. शेडमागे अंगणात उकळत्या पाण्याची मोठी गंजं मांडलेली, ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. तिसरं पाणी त्यांनी स्वतः ओतून दिलं. मातीत वाफ उठली. आणि वाकलेल्या अवस्थेतच ते काहीतरी पुटपुटले. मी शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं: "जा माय, पन कोनाच्या घरी नोको जाऊ." तीस वर्षांत त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं वाळलेला माल चक्कीतून उतरला. बायका रांगेनं उभ्या राहिल्या. साडूंनी चपला काढल्या, चमचा भरला, आणि तो माझ्यापुढे धरला.

"आज तुमी."

"मालकाचा असतो ना," मी म्हणालो.

"घ्या ना जी. किती दिवस पायाकडेच बघत राह्यसान?"

मी चपला काढल्या. पावडर टाळूला चिकटली. भाजक्या लाखोळीचा वास, मागून मोहाची गोडी. पाच मिनिटं बोलता आलं नाही, आणि त्या पाच मिनिटांत सहा बायका माझ्या चेहऱ्याकडे बघून हसत होत्या आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पावडरचंच आहे असं सगळे धरून चालले. साडूंनी पाण्याचा गडवा पुढे केला. मग ते डब्यांच्या ढिगाकडे निघाले. एक पाऊल पडलं, फरशी बोलली. दुसरं घासत गेलं. वाटेत बसलेल्या बाईनं आपलं सूप ओढून घेतलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"राजे आले, सरका व."